दहा दिवसांचं शिक्षण वर्षभर का नको?
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या वर्षी आपण प्रसादाच्या खर्चाची वही सातवीतल्या एका मुलीकडे दिली होती. विसर्जनाच्या आदल्या रात्री चाळीस रुपयांचा मेळ बसेना. ती आधी रडली. मग डोळे पुसून सगळ्या पावत्या पुन्हा मांडून बसली आणि दोन नारळ लिहायचे राहिले होते, ते तिने शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाली, "चूक माझी होती, आता हिशोब बरोबर आहे."

हिशोब, धीर, चूक कबूल करणं, चारचौघांत बोलणं. पुस्तकात यालाच 'जीवनकौशल्यं' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशी दहा कौशल्यं सांगितली आहेत: निर्णय घेणं, अडचण सोडवणं, दुसऱ्याचं दुःख समजणं, रागाला आवर घालणं वगैरे. पैसेवाल्यांची मुलं ती नाट्यशिबिरात, पोहण्याच्या वर्गात, सहलीत शिकतात. आपली मुलं गणपतीच्या दहा दिवसांत शिकतात. लेझीम, नाटुकली, मखर, रांगोळी, वर्गणीची पावती. अकराव्या दिवशी मंडप निघतो आणि शिक्षणही संपतं.

त्या मुलीच्या हाती ती वही पुन्हा गेली नाही. शाळा सुटली की ती आईबरोबर साड्यांवर खडे चिकटवते. तिने वही मागितली नाही हे खरं, पण आपणही दिली नाही.

कोणी म्हणेल, "भाऊ, नाचगाण्याने पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. आपण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलो ते पोटासाठीच. बाप खात्यात बारा तास लूमवर, आई घरी साड्यांच्या गठ्ठ्यात. तिथे मुलाचे दोन हात लागतात. त्यात आईबापाचा दोष मी काढणार नाही.

पण याच प्रश्नाचं उत्तर आपल्या गाडीच्या वाटेवरच सापडतं. सुरतहून मुंबईला जाताना डहाणूच्या अलीकडे बोर्डी लागतं. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात. का? कोणाला गुरं राखायची, कोणाला धाकटं भावंड सांभाळायचं. ताराबाईंनी आईबापांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच हलवली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, तीच अंगणवाडी. गुरं चरतात तिथे कुरणशाळा काढली. धाकट्या भावंडांसाठी शाळेशेजारीच पाळणाघर केलं, म्हणजे मोठी बहीण वर्गात बसू शकेल. साधनं कोणती? पानं, बिया, शिंपले, माती.

आपल्याकडे तर याहून जास्त आहे. आपली मुलं घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि मार्केटमध्ये हिंदी बोलतात. चिंध्या आणि लेसचे तुकडे दारात पडलेले असतात, त्यांच्या बाहुल्या होतील. मिठी खाडीचं पाणी गल्लीत शिरतं तेव्हा आधी काय उचलायचं, वीज कुठून बंद करायची, म्हाताऱ्यांना कोणी न्यायचं, हे मुलांनी नाटकातून बसवलं तर ते नाटक एखाद्या पावसाळ्यात जीव वाचवील.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. मंडळाची खोली वर्षभर सामान ठेवायला आहे. ती आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेआठ, मुलांना द्या. वेळ आईबापांना विचारून ठरवू. ज्या मुलीला धाकटा भाऊ सोडून येता येत नाही, तिने त्याला घेऊन यावं. त्याला सांभाळायला दोन आजीबाई पुरेत. एक दिवस गोष्ट आणि नाटक, एक दिवस हातकाम, एक दिवस खेळ, त्यात मुली आणि मुलं दोन्ही. खोलीची किल्ली आणि खर्चाची वही मुलांकडेच राहील. चुकतील, हरवतील, भांडतील. ते निस्तरतील तेव्हाच शिकतील.

खर्च म्हणाल, तर स्पीकरचा एका रात्रीचा खर्च कमी केला तरी सुरुवात होते. यावर तरुण पोरं माझ्यावर रागावतील, पण त्यांनीच आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, अशी माझी विनंती आहे.

याने सगळ्यांची गरिबी जाईल असं मी म्हणत नाही. पण उद्या कोणी चुकीच्या कागदावर सही करायला सांगितलं, तर "आधी वाचतो" असं म्हणायची हिंमत पोरात येईल. पोरगी "मला पुढे शिकायचंय" हे बापाच्या डोळ्यांत बघून सांगू शकेल.

गणपती विद्येचा देव. त्याला आपण दहा दिवस ठेवतो. त्याची विद्या तरी बारा महिने ठेवू या. आणि ती वही, आज विसर्जनाआधी, त्या मुलीच्या हातात परत देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!