समुद्रातील विष आणि माणसाची वेदना
(रुग्णालयाच्या वर्धापनदिन सभेत प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



वर्धापनदिनी प्रशासनाकडून जमाखर्चाचा आढावा अपेक्षित असतो. तो ताळेबंद अहवालाच्या पुढील पानांत दिलाच आहे. आज आम्ही अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, ज्याला ताळेबंदात रकाना नाही. तो विषय म्हणजे वेदना. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा वैद्यकातील बारकावे सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. डॉक्टरांकडून ऐकलेले व वाचलेले सोप्या शब्दांत मांडतो.

सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आजची गोष्ट समुद्राच्या तळाशी सुरू होते. प्रशांत व हिंदी महासागराच्या उष्ण पाण्यात ‘कोनस’ या नावाच्या गोगलगायी राहतात. शंकूसारखा निमुळता, सुंदर नक्षीचा त्यांचा शंख संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात. आपल्या देशात मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान येथे त्यांच्या अनेक जाती आढळतात. गोगलगाय म्हटले की आपल्याला मंदपणा आठवतो. पण या कुळातील काही जाती चपळ माशाची शिकार करतात. तोंडातील भाल्यासारखा पोकळ दात माशाला टोचून त्या त्यात विष सोडतात आणि मासा क्षणार्धात लुळा पडतो. यांपैकी एका जातीच्या दंशाने माणसेही दगावली आहेत.

या विषाचा अभ्यास फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी मनिला येथे सुरू केला. परदेशी शिक्षण घेऊन मायदेशी परतल्यावर हाती महागडी उपकरणे नव्हती. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर जे मुबलक मिळते, त्यावरच काम करावे असे त्यांनी ठरवले. पुढे ते अमेरिकेतील युटा विद्यापीठात गेले. तेथे मायकेल मॅकिंटॉश या अवघ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘कोनस मॅगस’ या जातीच्या विषातून 25 अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी वेगळी काढली. त्याच साखळीची प्रयोगशाळेत हुबेहूब घडवलेली प्रतिकृती म्हणजे ‘झिकोनोटाइड’ हे औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2004 मध्ये आणि युरोपने 2005 मध्ये त्याला मान्यता दिली.

हे औषध काम कसे करते? आपल्या शहराने जकात नाके पाहिले आहेत, म्हणून तोच दाखला देतो. शरीराच्या एखाद्या भागातील दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघतो, तेव्हा वाटेत मज्जारज्जूपाशी त्याला एक नाका ओलांडावा लागतो. तेथे मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. दार उघडले, कॅल्शियम आत गेले, की निरोप पुढच्या तंतूकडे सुपूर्द होतो. झिकोनोटाइड नेमके हेच दार अडवते. मॉर्फिनचा मार्ग याहून वेगळा आहे. म्हणूनच मॉर्फिनची मात्रा जशी कालांतराने वाढवावी लागू शकते तशी याची लागत नाही, त्याचे व्यसन जडत नाही आणि श्वासही मंदावत नाही.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे औषध गोळी म्हणून घेता येत नाही. ते पंपाच्या साहाय्याने थेट पाठीच्या कण्यातील द्रवात, मायक्रोग्रॅममध्ये मोजून, थेंबाथेंबाने सोडावे लागते. मात्रा थोडी चुकली तरी भ्रम, स्मृतिदोष, तीव्र मानसिक त्रास असे परिणाम संभवतात. पूर्वी मनोविकार झालेल्या रुग्णाला ते देतच नाहीत. साहजिकच इतर उपाय थकलेल्या, निवडक रुग्णांपुरताच त्याचा उपयोग राहिला आहे.

विषापासून औषध ही कल्पना आपल्याला नवी नाही. काट्याने काटा काढावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने सर्पविषाच्या साहाय्याने घोड्यांच्या रक्तात प्रतिविष तयार करून असंख्य प्राण वाचवले. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. के. एस. कृष्णन यांनी बंगळूरच्या डॉ. पी. बलराम यांच्यासमवेत भारतीय किनाऱ्यावरील याच गोगलगायींच्या विषाचा अभ्यास केला.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण तर आम्हाला विशेष जवळचे वाटते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसून, विष हृदयावर काय करते याच्या नोंदी केल्या. त्यावर त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू कमालीचे घटवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ध्यानात घ्यावयाची बाब अशी की, ती गोळी आधीपासून बाजारात होती. ती योग्य रुग्णापर्यंत योग्य वेळी नेणारा माणूस हवा होता.

मंडळी, आम्हाला जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे. गोगलगायीचे औषध आज आपल्या रुग्णालयाच्या आवाक्यात नाही. पण म्हणून आपल्या खाटेवरील रुग्णाने विव्हळत राहावे काय? आपल्या जिल्ह्यात कर्करोग नवा नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये आपल्याच बार्शीत सुरू झाली. विडी वळणाऱ्या भगिनी, यंत्रमागावरचे कामगार, तंबाखूच्या सवयीने तोंडाचा रोग ओढवलेले शेतकरी बांधव मोठ्या शहरातील उपचार संपवून अखेर घराजवळच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे, येतात. त्या वेळी आजार बरा करणे पुष्कळदा कोणाच्याच हाती नसते. वेदना कमी करणे मात्र हाती असते.

त्यासाठीचे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते म्हणजे तोंडाने घेण्याचे मॉर्फिन. ज्या अफूपासून ते बनते, ती आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर निरनिराळ्या परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवण्यास कचरू लागली. 2014 मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि वाट सोपी झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. प्रशिक्षित डॉक्टर, कुलुपबंद साठा, चोख नोंदवही आणि वार्षिक विवरणपत्र एवढी त्याची तयारी. यांतील डॉक्टर सोडले तर बाकी सारे काम आमच्या कार्यालयाचे आहे. हिशेब चोख ठेवणे हाच तर आमचा धर्म.

पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र 1997 पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. त्याच वाटेवरचे एक लहानसे पाऊल आपण सोलापुरात टाकावे, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. एका डॉक्टरांना व दोन परिचारिकांना प्रशिक्षणास पाठवावे, मान्यतेसाठी अर्ज करण्यास अनुमती द्यावी, आणि नाडी, ताप, रक्तदाब यांच्या शेजारी प्रत्येक रुग्णाच्या तक्त्यावर ‘वेदना’ हा आणखी एक रकाना असावा. शून्य ते दहा यांपैकी एक आकडा रुग्णाला विचारून लिहावयाचा. त्याला खर्च शून्य आहे. पण एकदा आकडा लिहिला गेला की तो कमी करण्याची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते, हे आम्ही हिशेबनीस मंडळी अनुभवाने जाणतो.

देणगीदारांना एवढेच सांगू. नव्या यंत्रावर आपल्या आप्तांच्या नावाची पाटी लागते, शांत झोपलेल्या रुग्णावर ती लावता येत नाही. तरीही या कामासाठी आपण हात पुढे कराल, असा आम्हाला विश्वास वाटतो.

एका शास्त्रज्ञाने किनाऱ्यावरच्या शंखातून वेदनेचा उतारा शोधला, एका डॉक्टरांनी तालुक्याच्या गावी हाताशी असलेली गोळी कामी आणली. दोघांनीही आपल्याजवळ काय नाही याची यादी केली नाही. आपल्याजवळ जे आहे, ते येत्या वर्षी आपण रुग्णाच्या उशाशी नेऊ या.