शेकोटीजवळची शंका

(शुक्रवार पेठ, सोलापूर इथं केलेलं भाषण)



एका प्राध्यापकावर बोलतो म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं. हसा. प्राध्यापक, त्यात तत्त्वज्ञानाचा, त्यात आडनाव देशपांडे! पण ऐकून घ्या.

दि. य. देशपांडे. जन्म १९१७, मृत्यू २००५. विदर्भात कॉलेजातल्या पोरांना तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली. या माणसानं देकार्तची 'चिंतने' मराठीत आणली. देकार्त सतराव्या शतकातला फ्रेंच. १६४१ च्या त्या पुस्तकात तो म्हणतो, लहानपणापासून खरं म्हणून जे जे गळी उतरवलं गेलं, ते आयुष्यात एकदा मुळापासून उखडून बघू. जिथं शंकेला जागा, ते तूर्त खोटं धरू.

वाचलं आणि आई आठवली. विड्या वळता वळता म्हणायची, 'मागल्या जन्मीचं पाप, दुसरं काय.' तिला कुणी सांगितलं? आजीनं. आजीला? गावानं. गावाला? इथं विचारणाऱ्याच्या थोबाडीत बसते. देकार्त शेकोटीजवळ बसून शंका घेतो. आपल्या माणसानं शंका घेतली तर त्याला शेकून काढतात.

आणखी एक. १६३७ च्या पुस्तकात देकार्तनं स्वतःला नियम घातला : देशाचे कायदे, रूढी पाळायच्या, लहानपणीचा धर्म धरून राहायचं. म्हंजे डोक्यात भूकंप, गल्लीत शांतता. आपल्याला हे परवडत नाही. आपल्याला चिरडलं ते रूढीनंच. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या साक्षीनं मनुस्मृती जळाली, ती रस्त्यावर उतरलेली शंका.

देशपांडेही वर्गात थांबले नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेतो. सत्तरी ओलांडल्यावर, १९९० साली, नागपुरातून 'आजचा सुधारक' मासिक काढलं. नाव आगरकरांच्या १८८८ च्या 'सुधारका'वरून. त्यात 'विवेकवाद' ही लेखमाला लिहिली. सांगणं साधं : पुरावा नाही तर विश्वास नाही, पोथीत आहे म्हणून खरं नाही. वर्गातली शंका त्यांनी टपालानं घरोघर धाडली.

कुणाच्या घरी? हा माझा सवाल. आमच्या वस्तीत तो अंक मी कधी बघितला नाही. दोष एकट्या त्यांचा नाही. तत्त्वज्ञान म्हंजे 'त्यांचं' काम, असं मानून आपणही मागितला नाही. हेही गळी उतरवलेलंच की!

तर दोस्तांनो, देकार्त मराठीत आहे. उचला. वाचा. त्याच्यावर शंका घ्या, देशपांड्यांवर घ्या, माझ्यावरही घ्या. पण सुरुवात आईच्या त्या वाक्यापासून करा.

जयभीम.