केळीच्या खोडाचा हिशेब

(केळी उत्पादक शेतकरी आणि महिला बचत गटांच्या सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा लेखी पाठ.)



सत्यनारायणाच्या चौरंगाच्या चार कोपऱ्यांत उभे राहतात ते केळीचे खांब. लग्नमांडवाच्या दारातही मान असतो तो केळीलाच. पूजेला बसलेला यजमान त्या खांबांची मनोभावे पूजा करतो आणि त्याच यजमानाच्या शेतात, घड उतरल्यावर, तेच खोड विळ्याच्या घावाने आडवे होऊन बांधावर कुजत पडते. संस्कृत वाङ्मयात तर कदलीस्तंभ येतो तो निःसारतेचा दाखला म्हणून. एक सोपट काढावे तर त्याखाली दुसरे. शेवटपर्यंत सोलत गेले तरी लाकूड म्हणून हाती काहीच लागत नाही. उपमा निरीक्षणाला धरूनच आहे. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत केळ हा वृक्ष नव्हेच. पानांचे देठ एकमेकांवर घट्ट गुंडाळले जाऊन तयार झालेला तो आभासी खांब आहे. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद.

परंतु तत्त्ववेत्त्याने जिथे निःसारता पाहिली, तिथे माळ गुंफणाऱ्या बाईने दोरा पाहिला. कोकणात आणि गोव्यात अबोलीचे वळेसर केळीच्या ओल्या सोपटातून काढलेल्या तंतूने बांधण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. केळीच्या खोडात धागा असतो हे ज्ञान प्रयोगशाळेने दिलेले नाही. प्रयोगशाळेने दिला तो हिशेब, आणि आज विचार करावयाचा आहे तो या हिशेबाचाच.

केळ एकदाच घड देते. घड उतरला की त्या खोडाचे फळासाठीचे काम संपले. जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात, दीड मीटर बाय दीड मीटर (सुमारे पाच फूट) ही लागवड रूढ आहे. त्या अंतराने एका हेक्टरात ४,४४४ खोडे बसतात. फळ निघाल्यावर हेक्टरी साठ ते ऐंशी टन खोड मागे उरते, असे गुजरातमधील नवसारी कृषी विद्यापीठाचे अनुमान आहे. जिल्ह्यातील केळीचे क्षेत्र पन्नास हजार हेक्टर धरले आणि यातील कमी आकडा घेतला, तरी तीस लाख टन होतात. यातले बरेचसे मजूर व ट्रॅक्टर लावून, पदरचे पैसे मोजून शेताबाहेर काढले जाते. बांधावर, रस्त्याकडेला, नाल्यात त्याचे ढीग पडतात. वाळले की पेटवले जातात. भाव कोसळलेल्या वर्षी, फळातून खर्चही निघत नाही तेव्हा, शेत मोकळे करण्याचा हा खर्च शेतकऱ्याच्या जिव्हारी लागतो.

गेल्या तीन दशकांत केळीच्या फळाकडे सर्वांचे लक्ष गेले. ठिबक आले, ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे आली आणि बसराईची जागा त्यांनी घेतली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला रवाना झाली. खोड मात्र होते तिथेच, बांधावर, राहिले.

या खोडाचा पद्धतशीर अभ्यास २००८ च्या सुमारास नवसारीला सुरू झाला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या एका प्रकल्पाखाली विद्यापीठ, मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, सुरतची वस्त्रसंशोधन संस्था ‘मंत्रा’ आणि सोनगडची कागद गिरणी एकत्र आली. या मंडळींची दृष्टी विशेष अशी, की त्यांनी खोडाकडे केवळ धाग्यासाठी पाहिले नाही. खोड यंत्रात घातले की तंतू, चोथा आणि रस असे तीन पदार्थ निघतात. आतला पांढरा गाभा आधीच वेगळा ठेवता येतो. गाभा खाण्याजोगा असतो. दक्षिणेत आणि बंगालमध्ये त्याची भाजी होते. नवसारीने त्याचा पाकवलेला खाऊ, म्हणजे कँडी, तयार केला. चोथ्यात शेण मिसळून गांडूळखत झाले. रसापासून पिकांसाठी द्रवरूप अन्नद्रव्य बनवण्यात आले आणि त्याचे पेटंटही विद्यापीठाने मिळवले. केळीच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, ही प्रत्येक केळीवाल्याच्या घरातली तक्रार. संशोधकांनी तीच गुणवत्ता ठरवली आणि कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी हा रस वापरून पाहिला. मुंबईच्या संस्थेतील अभ्यासात तर असे दिसून आले, की योग्य प्रक्रिया करून हा रस दिलेले सुती कापड सहजासहजी पेट घेत नाही.

हे ऐकायला आकर्षक आहे. वृत्तपत्रांतून ‘कचऱ्यातून सोने’ असे मथळेही वारंवार येतात. बातमी देणाराचा उत्साह समजण्यासारखा आहे. पण सोन्याचा भाव ठरवण्याआधी तराजू हाती घेतलेला बरा.

खोडात शेकडा नव्वदाहून अधिक पाणी असते. साठ टन खोडे ट्रकमध्ये भरून दूरच्या कारखान्याकडे नेणे म्हणजे किमान चोपन्न टन पाणी भाडे भरून वाहून नेणे. एका खोडातून वाळलेला तंतू मिळतो साधारण शंभर ग्रॅम. म्हणजे संपूर्ण हेक्टरातून साडेचारशे किलोच्या आसपास. तंतू काढण्याचे यंत्र साधे असते. बोथट पात्यांचा रूळ वेगाने फिरतो, उभी चिरलेली सोपटे त्यात धरायची. गर खरवडून निघतो आणि तंतू हाती राहतो. सराव झालेल्या दोन माणसांच्या हातून दिवसाकाठी वीस-पंचवीस किलो तंतू निघाला तर काम चांगले झाले म्हणायचे. याचाच अर्थ, एक यंत्र दिवसाला दोनशे ते अडीचशे खोडे संपवते आणि एका हेक्टराला सुमारे तीन आठवडे घेते. इकडे कापलेले खोड थांबायला तयार नसते. दोन-चार दिवसांत सोपटे काळवंडू लागतात, तंतूची चकाकी जाते आणि व्यापारी भाव पाडतो.

अनुदानातून यंत्र घेतले, उद्घाटनाचा नारळ फुटला, छायाचित्रे छापून आली आणि दुसऱ्या वर्षी यंत्रावर ताडपत्री पडली, असे जे घडते त्याचे मूळ या अंकगणितात आहे. त्यात बायकांची चिकाटी कमी पडत नाही, कमी पडते ते आधीचे नियोजन. तंतू कोण घेणार, कोणत्या प्रतीचा घेणार, किती टन एकरकमी मागणार, हे ठरण्याआधीच यंत्र दारात येते. विणकाम करणाऱ्या संस्थेला वर्षभर एकसारखा माल हवा असतो. गटाकडे असतो तो पन्नास किलोचा गठ्ठा.

दुसरा गैरसमज परदेशी उदाहरणांचा. फिलिपिन्समधील ‘अबाका’, म्हणजे मनिला हेम्प, जगप्रसिद्ध आहे. जहाजाचे दोर त्याचे होत. आज चहाच्या पुड्यांचा कागद आणि काही देशांच्या चलनी नोटांचा कागदही त्यापासून होतो. जपानच्या ओकिनावा बेटावरील ‘बाशोफू’ हे केळीच्या धाग्याचे तलम वस्त्र तर त्या देशाने १९७४ साली राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून गौरवले. पण अबाका ही केळीची बहीण आहे, आपली केळ नव्हे. तिची लागवड मुळी धाग्यासाठीच होते. बाशोफूची केळही वस्त्रासाठीच जोपासली जाते. आपण केळ लावतो ती फळासाठी, धागा हे मागून आलेले देणे. त्या देशांतल्या भावाची अपेक्षा इथे धरणे हा स्वतःवरच अन्याय ठरेल.

याचा अर्थ धाग्याची वाट चुकीची आहे असा नव्हे. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी येथे कोरोनाकाळात महिलांनी केळीच्या खोडातून तंतू काढून पिशव्या आणि चटया केल्या. पंतप्रधानांनी २०२१ च्या जुलैत ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख केला. आपल्या शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याने ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत केळीच निवडली आणि तेथील बचत गट टोप्या, चटया बनवतात. चेन्नईजवळच्या अनकापुत्तूरचे विणकर केळीचा धागा घालून साड्या विणतात. हे सर्व उभे राहिले ते गावातल्या गावात, खोडाजवळ यंत्र नेऊन.

तथापि खरा प्रश्न त्या शंभर ग्रॅमचा नाही. उरलेल्या साडेतेरा किलोंचा आहे.

केळ हे पालाशाचे भुकेले पीक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे एका झाडाला २०० ग्रॅम पालाश द्यावे लागते. ४,४४४ झाडांचा हिशेब केला तर हेक्टरी जवळजवळ नऊशे किलो. हे पालाश येते कोठून? म्युरेट ऑफ पोटॅशची आपली सारी गरज आयातीवर भागते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून ते येते. तिकडे युद्ध पेटले की इकडे सावद्याच्या दुकानातली गोणी महागते, हे २०२२ साली सर्वांनी अनुभवले. आणि झाडाने शोषलेल्या या पालाशाचा मोठा वाटा घडात जात नाही; तो खोडापानांतच राहतो. शेतकरी परदेशातून आलेले पालाश विकत घेतो, खोडात साठवतो आणि मजुरी देऊन नाल्यात टाकतो.

आसामी गृहिणीने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. केळीची साल वाळवून, जाळून, तिच्या राखेवरून पाणी गाळून ती ‘कोलखार’ तयार करते आणि जेवणात वापरते. हा खार म्हणजे प्रामुख्याने पालाशाचाच क्षार. आसामी माणूस स्वतःला कौतुकाने ‘खारखोवा’, खार खाणारा, म्हणवतो. केळीत क्षार किती असतो याची याहून रुचकर साक्ष दुसरी मिळणार नाही.

म्हणून खोडाचा विचार मातीपासून सुरू व्हायला हवा. चोथ्याचे खत आणि गाळलेला रस त्याच शेताला परत गेला, तर शेतकऱ्याचा लाभ धाग्याच्या बाजारभावावर अवलंबून राहत नाही. धागा विकला गेला नाही तरी शेत मोकळे झालेले असते आणि खताची एखादी गोणी वाचलेली असते. जिथे यंत्र पोहोचणारच नाही, तिथे खोडाचे तुकडे करून शेतातच कुजवणे हाही उत्तम उपयोग आहे. त्याला ‘उत्पादन’ म्हणत नाहीत एवढेच. आणि पिलबाग ठेवायची असेल तर आईचे खोड लगेच बुंध्यातून काढूही नये. त्यातले अन्नरस काही आठवडे पिलाला मिळत असतात. असे खोड टप्प्याटप्प्याने कापावे आणि यंत्राच्या हिशेबात धरू नये.

एक धोका मात्र स्पष्टपणे सांगितला पाहिजे. केळीच्या मर रोगाचा ‘टी. आर. ४’ हा घातक प्रकार भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशापाठोपाठ सुरत आणि बऱ्हाणपूर भागातही आढळला आहे. म्हणजे तो खानदेशाच्या दोन्ही कुशींना येऊन ठेपलेला आहे. ही बुरशी मातीतून, पाण्यातून आणि रोगट झाडाच्या अवशेषांतून पसरते आणि एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षे राहते. अशा वेळी एका गावचे खोड दुसऱ्या गावी नेणे, न धुतलेले यंत्र या शेतातून त्या शेतात फिरवणे, हे उद्योगाच्या नावाखाली रोगाला वाहन पुरवणे ठरेल. रोगट बागेतले खोड यंत्रात घालायचेच नाही. त्याचा चोथा खतातही जाता कामा नये. इतर शेतांत जाताना यंत्राची पाती आणि ट्रॉलीची चाके धुऊनच पुढे निघावे. दुसऱ्या बाजूने पाहता, बांधावर कुजणारे ढीग हेही निरुपद्रवी नाहीत; कंद व खोड पोखरणाऱ्या भुंग्यांचे ते घर असते.

खानदेशाला एक सोय निसर्गतः लाभली आहे. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे इथे कापणी वर्षाच्या बहुतेक महिन्यांत कोठे ना कोठे चालू असते. पंजाबातल्या भाताच्या पेंढ्यासारखा सारा ढीग पंधरवड्यात अंगावर येत नाही. तेव्हा चार-पाच गावांच्या गटाने एक नव्हे तर चार-पाच यंत्रे ट्रॉलीवर ठेवली, खरेदीदाराशी प्रतीचा आणि वजनाचा करार आधी केला, तंतू काढणाऱ्या भगिनींना किलोमागे मजुरी दिली आणि शेतमालकाने खोडाचे पैसे न मागता मोकळे शेत व चोथा घेतला, तर गणित जुळते. तंतूला भाव चांगला मिळाला तर त्यात मालकाचा वाटा किती, हे ज्या त्या गावाने ठरवावे. पण ते कागदावर ठरवावे.

राहतो कापणीच्या तारखेचा प्रश्न. ती आज व्यापारी ठरवतो, आणि बागेच्या मालकालाही अनेकदा आदल्या संध्याकाळी कळते. म्हणून बचत गटाने पहिली बैठक घ्यायची ती कापणी करणाऱ्या टोळीच्या मुकादमाबरोबर. उद्या कोणत्या शिवारात विळा लागणार, पिलबाग कोणाची राहणार आणि किती खोडे मोकळी होणार, हे त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.