दुचाकीचे पंचांग

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात युवक-सभेपुढे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा मला संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची भाषणे झाली. मी तर एस. टी.च्या कार्यशाळेत पस्तीस वर्षे तेलकट कपड्यांत वावरलेला मनुष्य. परंतु चिटणीस म्हणाले, "यंदा गुणगौरवासाठी आलेल्या मुलांपैकी निम्म्यांनी घरी मोटारसायकल मागितली आहे. तिच्याविषयीच चार शब्द सांगा." तेव्हा मात्र मला नाही म्हणवले नाही. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

आपले वाडवडील प्रवासाला निघण्यापूर्वी पंचांग पाहत. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे. त्यावर कोणाचा विश्वास असो वा नसो. निघण्यापूर्वी क्षणभर थांबावे, पाहावे आणि मग पाऊल उचलावे, ही त्यामागची शिस्त मात्र सोन्यासारखी होती. मोटारसायकलचेही असेच एक पंचांग आहे. हवा, तेल, साखळी, ब्रेक आणि दिवे ही त्याची पाच अंगे. ते पाहण्यास ना जोशीबुवा लागत, ना मिस्त्री. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे आणि रोज निघताना एक मिनिट, एवढीच त्याची दक्षिणा आहे.

ही दक्षिणा न दिल्यास काय होते, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. १९८६ साली मी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. घरात बहिणीचे लग्न ठरले होते. पत्रिका वाटण्यासाठी मी धाकट्या भावाला मागे बसवून पुण्याहून गावी निघालो. पंधरा दिवस आधीपासून गाडीची साखळी खडखडत होती. कार्यशाळेत दिवसभर इतरांच्या गाड्या दुरुस्त करणारा मी स्वतःच्या गाडीविषयी म्हणत होतो, "लग्न पार पडू दे, मग पाहू." खंबाटकीचा घाट उतरताना ती सैल साखळी दात्यांवरून निसटली आणि चाक व त्याच्या दांड्याच्या मध्ये अडकली. मागचे चाक जागच्या जागी थांबले. मला खरचटण्यावर निभावले. भावाचा गुडघा मात्र फुटला. पुढच्याच महिन्यात त्याला पोलीस भरतीच्या धावण्यासाठी उभे राहायचे होते. तो पुन्हा कधी धावला नाही. त्याने मला आजवर एका शब्दानेही दोष दिलेला नाही, आणि मित्रांनो, तेच मला सर्वांत जड जाते.

साखळी मला पंधरा दिवस सांगत होती. यंत्र बहुधा मोडण्यापूर्वी बोलते. आपण ऐकत नाही, एवढेच. आता या पंचांगाची पाचही अंगे क्रमाने पाहू.

पहिले अंग हवा. रस्त्याशी आपला संबंध टायरच्या तळहाताएवढ्या दोन तुकड्यांपुरताच असतो, आणि आपला सारा भार त्यांवर असतो. हवा कमी असली तर टायरच्या बाजू दुमडत राहतात, टायर तापतो, हँडल जड होते आणि पेट्रोलही अधिक जळते. हवा प्रमाणाबाहेर असली तर रस्त्यावरची पकड घटते. लहान मोटारसायकलींना साधारणपणे पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे माणूस बसल्यास मागच्या चाकात अधिक. तथापि आपल्या गाडीचा खरा आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो आणि फसगत होते. टायरच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे त्याचे आयुष्य संपले. पावसाळ्यात खाचांतूनच पाणी बाजूला सारले जाते, हे लक्षात ठेवून आषाढ लागण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी.

दुसरे अंग तेल. आमच्या तारुण्यातील राजदूत, येझदी यांसारख्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. आजच्या चार स्ट्रोकच्या इंजिनात तेल वेगळे असते आणि शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीत ते जेमतेम एक लिटर असते. बहुतेक मोटारसायकलींत हे एवढेसे तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांनाही सांभाळते. म्हणूनच मोटारीचे तेल दुचाकीत ओतू नये. त्यातील काही द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एम्‌ए' अशी खूण पाहून पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल घ्यावे. पातळी पाहताना गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि तेल खाली उतरण्यास थोडा अवधी द्यावा. पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये तेल असले पाहिजे. काही गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, काहींत काचेच्या खिडकीतून. हेही पुस्तिकाच सांगते. नव्या गाडीचे पहिले तेल मात्र ठरलेल्या वेळी बदलण्यास विसरू नये, कारण प्रथम घासल्या जाणाऱ्या भागांचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो.

तिसरे अंग साखळी, आणि येथे माझा आवाज थोडा कठोर झाला तर क्षमा करावी. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खालच्या बाजूच्या साखळीच्या मध्यावर बोटाने वर-खाली हालवून पाहावे. साधारण एक इंच, म्हणजे २० ते ३० मिलिमीटर हालचाल योग्य. चाक हळूहळू फिरवून चार-पाच ठिकाणी हे पाहावे. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथील मोजमाप धरावे. अति ताठ साखळीही बेअरिंग खाते. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणाव्या, नाहीतर चाक तिरके बसते. साखळीला क्लिपचे लॉक असेल तर त्याचे बंद टोक साखळीच्या चालीच्या दिशेला असावे. धूळ-चिखल रॉकेल व ब्रशने काढून, पुसून कोरडी करून, साधारणपणे दर ५०० किलोमीटरला आणि भर पावसात चालवल्यानंतर साखळीच्या आतल्या बाजूने तेल द्यावे. दात्यांची टोके वाघनखांसारखी वाकली असतील तर साखळी आणि दोन्ही चक्रे एकत्रच बदलावी. नवी साखळी जुन्या दात्यांवर घालणे म्हणजे पैसा पाण्यात. आणि एक गोष्ट शपथेवर पाळा: इंजिन चालू ठेवून फिरत्या साखळीला फडके कधीही लावू नका. त्यापायी बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. गिअर नसलेल्या स्कूटरला अशी साखळी नसते. पंचांगाची बाकीची चारही अंगे मात्र तिलाही लागू आहेत.

चौथे अंग ब्रेक. ड्रम ब्रेकच्या चाकापाशी एक बाण व खूण असते. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण खुणेशी पोचला, तर लायनर संपले असे समजावे. चकतीच्या ब्रेकमध्ये हँडलवरील डबीतील द्रवाची पातळी पाहावी. ती उतरली तर केवळ वरून भर घालून समाधान मानू नये; पॅड झिजले असतील किंवा कोठे गळती असेल. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, म्हणून सामान्यतः दर दोन वर्षांनी तो बदलावा लागतो. ब्रेकच्या चकतीवर किंवा लायनरवर तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. साखळीला तेल देताना हे हमखास घडते. २०१९ सालापासून नव्या दुचाकींना ए.बी.एस. किंवा सी.बी.एस. यांपैकी एक यंत्रणा सक्तीची झाली. चांगलेच झाले. परंतु ती यंत्रणा ब्रेक लावण्याची रीत सांभाळते, झिजलेला लायनर नवा करीत नाही.

पाचवे अंग दिवे, आणि त्यांच्यासह हॉर्न व बॅटरी. पुढचा दिवा बंद पडला तर आपल्याला दिसतो. मागचा आपल्या पाठीशी असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने मेलेला राहतो. हाताचा ब्रेक दाबून आणि पायाचा ब्रेक दाबून, दोन्ही वेळा मागचा लाल दिवा लागतो का, हे भिंतीवरील उजेडावरून एकट्यालाही पाहता येते. २०२० साली भारत स्टेज ६ चे नियम आल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणीची यंत्रणा आली. ती विजेवर चालते. म्हणून बॅटरी दुबळी झाली की किक मारूनही गाडी सुरू होण्याची खात्री नसते. पेट्रोलचा पंप बहुधा टाकीच्या पोटात असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी होऊ देणे त्याच्या जिवावर बेतते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी दिसली तर साफ करावी. तारा सोडवताना आधी ऋण आणि मग धन, जोडताना याच्या उलट.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ब्रेक उघडणे, चाक काढून बसवणे, इंजिनात हात घालणे ही कामे शिकलेल्या माणसावर सोपवावी. आपले काम पाहण्याचे, ऐकण्याचे आणि वेळेवर मिस्त्रीकडे जाण्याचे. ज्याला आपल्या गाडीचे काय दुखते हे सांगता येते, त्याला मिस्त्रीही सहसा फसवत नाही.

मित्रांनो, दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ती पूजा मला प्रिय आहे. आपली ज्ञातीच मुळी ऐरण आणि भात्याची. हत्यारापुढे हात जोडल्याखेरीज आपल्या पूर्वजांनी कामाला प्रारंभ केला नाही. परंतु ते पूजेपुरते थांबत नसत. हातोड्याचा दांडा सैल तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय पहिला घाव घालत नसत. आज आपली मुले शिकली, कार्यालयांत गेली, याचा आनंद आहे. परंतु हाताला काळे लागणे कमीपणाचे आहे अशी समजूत त्यांच्यापैकी कोणाची होत असेल, तर ते शिक्षण आपल्याला महाग पडले, असे मला म्हणावे लागेल.

आईवडिलांनाही हात जोडून एक विनंती. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती आल्याखेरीज मुलाला वा मुलीला गिअरची गाडी देऊ नका. गाडीसोबत हेल्मेट घ्याच. मागे बसणाऱ्यासाठी दुसरेही घ्या. आणि त्याच दिवशी हवा मोजण्याचा एक काटा, पान्यांचा लहानसा संच व साखळीच्या तेलाची डबी घेऊन द्या. मिठाईच्या खर्चात यातील बरेचसे बसते.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या वसतिगृहाच्या अंगणात पायपंप, काटा, रॉकेलचे भांडे आणि पान्यांची एक पेटी ठेवावी. दर रविवारी सकाळी आठ वाजता ज्याला आपल्या गाडीचे पंचांग पाहावयाचे असेल त्याने यावे. शरीर साथ देईल तोवर मी तेथे येईन. माझा भाऊही येणार आहे. साखळीचा ताण पाहण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले आहे.