गाडीचा सायलेन्सर आपणच बदलूया

 

बचत, हप्ते, सुकी मासळी, पापड यांवर आपण नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे गाडीच्या पोटाखालच्या सायलेन्सरबद्दल. हसू नका. आपल्या किनाऱ्यावर थळपासून श्रीवर्धनपर्यंत कितीतरी बाया मासळीच्या पाट्या घेऊन जुन्या ओम्नीतून बाजाराला जातात. ही गाडी १९८४ साली आली आणि २०१९ साली बनायची बंद झाली. म्हणजे रस्त्यावर आहेत त्या सगळ्या आता जुन्याच. आमच्या गटातही अशीच एक आहे. तिचा सायलेन्सर आम्ही गटातल्या चौघींनी मिळून बदलला. तो कसा, ते सांगतो.

आधी हे समजून घेऊ की सायलेन्सर कुजतो का. बाहेरून खारा वारा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तो आतूनही कुजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं आणि वाफ होऊन पाइपातून जातं. गाडी लांब पल्ला गेली तर पाइप तापतो, पाणी उडून जातं. पण जेट्टी ते घर, घर ते नाका एवढीच गाडी फिरली, तर पाइप तापतच नाही. पाणी डब्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो.

गेला तर काय होतं? आवाज वाढतो, ते सगळ्यांना कळतं. खरी भीती आवाजाची नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो पटकावतो, आणि त्याची पकड प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. तिथला सांधा फुटला आणि खालचा पत्राही गंजलेला असला, तर हा वायू सरळ आत येतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, झापड येते. पहाटे उठलो, उपाशी निघालो म्हणून होत असेल, असं म्हणून बाया ते अंगावर काढतात. एक खूण लक्षात ठेवा. गाडीत बसल्यावर दुखतं आणि उतरून मोकळ्या हवेत थांबलं तर उतरतं, असं दोघी-तिघींना होत असेल, तर आधी गाडीखाली बघा. गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला तर हा वायू जास्तच घातक. कुणी बेशुद्ध पडली तर तिला लगेच उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा.

आणखी एक. मासळीचा वास नको म्हणून मागचं दार अर्धं उघडं ठेवून गाडी हाकतात. तसं करू नका. धावत्या गाडीत मागचा धूर आत ओढला जातो. सुट्टीला आपल्या किनाऱ्यावर पाहुणे गाडीतच झोपतात. कुणी काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपलेलं दिसलं, तर त्यांनाही काच ठोठावून सांगा.

आता काम. १ जूनपासून मासेमारी बंद असते, गाडीलाही उसंत असते. पाऊस उघडला आणि पक्की, सपाट जागा मिळाली की काम करा. वाळूत किंवा ओल्या मातीत जॅक लावू नका. इंजिन पूर्ण थंड हवं. हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅकने गाडी उचला, पण नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड लावाच. जांभा चिरा आणि विटा चालत नाहीत, वजनाने फुटतात. स्टँड गॅरेजवाल्याकडून एक दिवस मागून आणता येतात. बांगड्या काढा, केस बांधा, पदर-ओढणी बाजूला ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंज थेट डोळ्यांत पडतो. एक जण सतत बाहेर उभी राहील.

पहिल्यांदा गेलेला भाग ओळखा. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. जिथे पत्रा बसतो, तो भाग गेला. पुष्कळदा फक्त मागचा डबा किंवा शेपटीचा पाइप गेलेला असतो, सगळी लाइन बदलावी लागत नाही. दुकानात जाताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, जमलं तर जुना भाग सोबत न्या. त्याबरोबर गॅस्केट, नटबोल्ट आणि लटकवायचे रबर नवेच घ्या. जुनं गॅस्केट पुन्हा बसवलं तर सांधा गळतोच.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी रिंग पाना लावून बोल्ट आधी किंचित आवळा, मग सोडा. असं पुढेमागे केलं की गंज तुटतो. तरी नाही आला, तर हॅकसॉने कापा. रबर निघत नसेल तर साबणाचं पाणी लावा. पण इंजिनाला लागून असलेले बोल्ट अडले, तर तिथे जोर करू नका. ते आत तुटले तर खर्च कितीतरी पट वाढतो. तेवढंच काम मेकॅनिकला द्या.

नवा भाग बसवताना सगळे सांधे आधी ढिले ठेवा. रबरावर नीट लटकवा. पाइप ब्रेकच्या नळीला, पेट्रोलच्या नळीला किंवा पत्र्याला कुठे टेकत नाही ना, हे बघा. मग इंजिनाकडून मागे येत एकेक सांधा आवळा. गाडी उघड्यावर चालू करा आणि पाइप तापायच्या आत सांध्यांना ब्रशने साबणाचं पाणी लावा. फुगे आले तर तिथे गळतंय. आठवडाभर गाडी चालल्यावर, थंड असताना, सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी नुसता पाइप घालून देतो, असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. तो विषारी वायू कमी करतो, आणि त्यात प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात. खराब झाला म्हणून बदललात, तर जुना भंगारात पत्र्याच्या भावाने देऊ नका. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. काम झाल्यावर पीयूसी काढून घ्या. सायलेन्सर नीट असणं हे मोटार वाहन नियमांतही आहे.

या कामात आमची मजुरी वाचली, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आता गॅरेजमध्ये काय बदललं, का बदललं, हे विचारायला कुणी कचरत नाही. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची तरी आपल्याला तिचं पोट माहीत हवं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बाजाराला जाताना गाडीत कुणाचं डोकं दुखतं, एवढं विचारा. हात वर आले, तर दुसऱ्याच दिवशी गाडीखाली बघा.

काळजी घ्या. नमस्कार.