जळालेल्या राजवाड्याची यादी

(वसंत व्याख्यानमालेत नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



आज ज्या वास्तूविषयी बोलायचं आहे, ती तुम्ही-आम्ही कुणीच पाहिलेली नाही. महाल भागात राहणाऱ्यांनीसुद्धा नाही. नागपूरकर भोसल्यांचा राजवाडा 1864 साली जळाला. काळ्या बेसाल्टच्या दगडाचा आणि आतून-बाहेरून लाकडी कोरीवकामानं भरलेला तो वाडा होता, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे. दगड टिकतो, लाकूड टिकत नाही. राहिला तो नगारखान्याचा मोठा दरवाजा. त्या एका दरवाज्यावरून आख्ख्या वाड्याची कल्पना करायची वेळ आपल्यावर आलेली आहे.

पण माझं म्हणणं असं की, हा वाडा जळण्याआधीच रिकामा झाला होता. आगीनं त्याच्या भिंती नेल्या. आतली दौलत दहा वर्षं आधी लिलावात गेली होती. त्यामुळे हा इतिहास सांगायचा तर आगीपेक्षा लिलावाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

थोडं मागे जातो. हे शहर 1702 च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहानं वसवलं. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आपला शुक्रवारी तलाव, गांधीसागर. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गोंडांच्या घरात वारसाचा तंटा लागला आणि त्या तंट्यात मदतीला म्हणून आलेले पहिले रघुजी भोसले इथेच राहिले. म्हणजे भोसल्यांच्या वाड्याखाली गोंडांचं शहर आहे. महालात हिंडताना हे विसरू नये, कारण गोंड राजांचा किल्लाही त्याच वस्तीत आहे.

रघुजींच्या घरात पैसा कुठून आला, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. 1740 मध्ये त्यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या, दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली पडला, आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेब कैद झाला. मग बंगालवरच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या रयतेनं जे सोसलं ते तिथल्या अंगाईगीतांत आजही आहे. 1751 च्या तहानं ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला आणि बंगालची चौथाई म्हणून वर्षाला 12 लाख रुपये ठरले. वाड्याच्या कोरीव खांबांमागे हा पैसा आहे. वाडा सुंदर होता म्हणून हे सांगायचं टाळलं, तर आपण इतिहासाशी अप्रामाणिक होऊ.

भोसल्यांच्या संग्रहातली एक वस्तू मात्र अलीकडेच आपल्यासमोर आली. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात एक तलवार निघाली. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडवलेलं. मूठ आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत कोरलेलं आहे : श्रीमंत रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. सेनासाहेब सुभा हा किताब शाहू महाराजांनी दिलेला. महाराष्ट्र सरकारनं सुमारे 47 लाख 15 हजार रुपये मोजून ती विकत घेतली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. मराठी शस्त्रांवर मालकाचं नाव फारसं आढळत नाही. म्हणून ही तलवार महत्त्वाची. नाव नसतं तर ती कुणाची हे कळलंच नसतं. नावाविना किती वस्तू जगभरच्या कपाटांत पडल्या असतील, याचा विचार करून मला खरोखर वाईट वाटतं.

ही तलवार नागपुरातून कधी गेली? नक्की सांगता येत नाही, पण दोन वेळा वाडा उघडा पडला. पहिली वेळ 1817 ची. इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई 26 आणि 27 नोव्हेंबरला झाली. 16 डिसेंबरला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणीत गेले. पण शहर शरण गेलं नाही. भोसल्यांच्या नोकरीतल्या अरब शिपायांनी तटाच्या आत राहून वाडा धरून ठेवला. 24 डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो तिथे, हल्ला केला आणि तो परतवला गेला. शेवटी अटी ठरवून 30 तारखेला अरब बाहेर पडले. ज्या दरवाज्याखालून आपण रोज स्कूटर काढतो, तिथे परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी नागपूर लढवलं. त्यांची एक पाटीसुद्धा तिथे असू नये, हे मला खटकतं.

दुसरी वेळ अधिक दुखरी आहे. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघुजी वारले. औरस मुलगा नव्हता. 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो यांनी विरोध नोंदवला, पण तो चालला नाही. डलहौसीच्या मनात वऱ्हाड-नागपूरचा कापूसही होता; त्यानं ते लपवलेलं नाही. राज्य गेलं, आणि लगोलग वाड्यातली मालमत्ता विक्रीला निघाली. हत्ती, घोडे, बैल यांचे लिलाव झाले. राजाच्या पागेतली जनावरं मातीमोल गेली. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवलं. सरकारची बाजू अशी होती की, येणाऱ्या पैशातून भोसले कुटुंबासाठीच निधी उभा करायचा आहे. निधी उभा राहिलाही. पण ज्या घराचं सामान घरच्यांना न विचारता बाहेर काढलं जातं, त्या घरातल्या बायकांना निधीचा हिशेब सांगून काय उपयोग?

त्या घरात तेव्हा एक वृद्ध बाई होती : दुसऱ्या रघुजींची विधवा, बांकाबाई. के नावाच्या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय की, वाड्यातलं सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, अशी धमकी तिनं दिली. सामान तरीही हललं.

इथे थोडं थांबतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपण काळी मारबत नावाचा पुतळा काढतो आणि जाळतो. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, असं जुने नागपूरकर सांगतात. 1857 मध्ये तिनं आपलं वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं हे खरं आहे, आणि त्याचा राग लोकांनी धरला तो समजण्यासारखा आहे. पण तीच बाई तीन वर्षं आधी वाड्यातल्या सामानासाठी सरकारच्या समोर उभी राहिली होती. तिनं 1857 मध्ये जे केलं त्यामागे दत्तक घेतलेल्या पोराचं घर वाचवण्याची धडपड होती, असं मला वाटतं. पुढे त्या मुलाला, जानोजींना, राजाबहादूर ऑफ देऊर हा किताब मिळाला, आणि घराणं टिकलं. बांकाबाई 1858 मध्ये गेली. मारबत बंद करा असं मी म्हणत नाही. तो या शहराचा सण आहे. पण लेकरांना गोष्ट सांगताना अर्धी सांगू नका.

1863 मध्ये इथे मध्यवर्ती संग्रहालय निघालं, आपला अजब बंगला. पुढच्याच वर्षी राजवाडा जळाला. म्हणजे मध्य प्रांताच्या खेड्यापाड्यांतून शिलालेख, नाणी, पशुपक्षी गोळा करायला सरकार सुरुवात करत होतं, तेव्हा मैल-दोन मैलांवर शहराचा सर्वांत मोठा संग्रह आधीच पांगलेला होता. अजब बंगल्यानं पुढे मोलाचं काम केलं. बालाघाटच्या गुंगेरियात 1870 साली सापडलेल्या तांब्याच्या हत्यारांचा वाटा इथे आला. तशी तांब्याची ठेव भारतात क्वचितच मिळाली आहे. दहा वर्षं आधी हे संग्रहालय असतं, तर काही पेट्या तरी वाचल्या असत्या.

बागांचं नशीब बरं निघालं. लिलावात बैल विकता येतो, तलाव विकता येत नाही. भोसल्यांच्या बागांची नावं गॅझेटियरमध्ये आहेत : शहरात तुळशीबाग, सीताबर्डीला महाराजबाग, आणि वेशीबाहेर पारडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. यांतली बहुतेक नावं आज सिटी बसच्या पाट्यांवर दिसतात. यातल्या बऱ्याच बागा तलावांच्या आधारानं वाढल्या. आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात इथे पाणी नसलं तर गुलाब राहू द्या, बाभूळ सुकते. बाग लावायची तर आधी बांध घालायचा, हे शहाणपण या मुलखात गोंडांपासून चालत आलेलं होतं. अंबाझरीचा जुना बांधही इंग्रज इंजिनियर अलेक्झांडर बिन्नी यांनी 1870 च्या दशकात उंच करून शहराच्या नळांना जोडला. महाराजबागेत 1894 मध्ये प्राणिसंग्रहालय आलं, शेजारी कृषी महाविद्यालय झालं; म्हणजे राजाच्या फिरण्याची जागा शाळेतल्या मुलांची झाली.

सक्करदऱ्याची गोष्ट मला सर्वांत जवळची. ताजुद्दीन बाबा 1892 पासून पागलखान्यात होते. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांची हमी घेतली आणि त्यांना सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. राज्य गेलेल्या घरानं एका फकिराला घर दिलं. लोकांची रीघ लागली, हिंदूंची आणि मुसलमानांचीही. 17 ऑगस्ट 1925 ला बाबा तिथेच गेले. उमरेड रोडवर त्यांचा दर्गा आहे आणि त्या जागेला आपण ताजबाग म्हणतो. राजाच्या बागेतून निघालेली ही नवी बाग कोणत्याही लिलावाच्या यादीत नव्हती.

आता एक काम. महालात, चिटणीसपुऱ्यात, जुनी शुक्रवारीत अनेक घरांच्या माळ्यांवर मोडी कागद, सनदा, कोरीव चौकटी, काचेवरचे जुने फोटो पडून आहेत. वाडे पाडून फ्लॅट होताना हे सामान भंगारवाल्याकडे जातं, आणि कोरीव तुळ्या पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत सजावटीला जातात. शंभर वर्षांनी एखादी तुळई लंडनला लिलावात आली, तर सरकार पुन्हा लाखो रुपये मोजेल. आज नोंद ठेवण्याचं काम वहीत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं होतं. आपल्या घरात जे असेल त्याचा फोटो काढा. कागद कुणाचा, कोणत्या खोलीतला, आजीनं काय सांगितलं, एवढं मागे पेन्सिलीनं लिहा. वस्तू द्यायची गरज नाही, यादी द्या. मोडी वाचणारे जाणकार या शहरात आहेत आणि ती यादी ठेवायला अजब बंगला आहे. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत त्या यादीतल्या कागदांवर कुणीतरी बोलावं, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.