अवकाशांत व्हिस्की मुरते काय?

जुनें मद्य तें उत्तम मद्य, अशी समजूत जगभर रूढ आहे. मद्यपानाचे गुणदोष क्षणभर बाजूस ठेविले, तरी या समजुतींत रसायनशास्त्राचा एक सुंदर प्रश्न दडलेला आहे. मद्य मुरतें तें कशामुळें? नुसत्या काळामुळें, कीं आणखी कशामुळें? २०११ सालीं स्कॉटलंडांतील एका कारखान्यानें हा प्रश्न थेट अंतराळांत नेला.

प्रथम जमिनीवरील व्यवहार पाहूं. मोड आणलेले जव आंबवून, त्यांचें ऊर्ध्वपातन करून मिळणारा द्रव पाण्यासारखा वर्णहीन व चवीला उग्र असतो. तो आंतून जाळलेल्या ओकच्या पिंपांत भरतात. स्कॉच हें नांव मिळण्यासाठीं तो स्कॉटलंडांतच, ७०० लिटरांहून मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत, निदान ३ वर्षें राहिला पाहिजे, असा कायदा आहे. या मुदतींत लाकडांतील रंग, टॅनिन व व्हॅनिलासारखा सुवास द्रवांत उतरतो. जळालेला थर गंधकयुक्त पदार्थ शोषून घेतो. लाकडांतून प्राणवायु हळूहळू आंत शिरतो. दर वर्षीं सुमारें २ टक्के द्रव उडूनही जातो. त्यास तेथील लोक कौतुकानें ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बाटलींत भरल्यावर हा व्यवहार थांबतो. लोणचें मुरतें तें मीठमसाला फोडींत शिरतो म्हणून. दिवस नुसते साक्षीला असतात. व्हिस्कीचेंही तसेंच आहे.

आर्डबेगचा कारखाना आयला बेटावर आहे. तेथें पीट नांवाच्या जळाऊ मातीच्या धुरावर जव वाळवितात. म्हणून व्हिस्कीला धुराचा वास येतो. या कारखान्यानें ह्यूस्टनच्या नॅनोरॅक्स कंपनीच्या साहाय्यानें ऑक्टोबर २०११ मध्यें लहान कुप्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे रवाना केल्या. कुपींत ताजा द्रव व जाळलेल्या ओकचे तुकडे वेगवेगळे ठेविले होते. जानेवारी २०१२ मध्यें त्यांचें मिश्रण करण्यांत आलें. तशाच कुप्या तुलनेसाठीं आयलावरही ठेविल्या होत्या. सप्टेंबर २०१४ मध्यें अंतराळांतील कुप्या परतल्या व पुढील वर्षीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दोहोंतील मुख्य बाष्पनशील घटक बव्हंशीं सारखेच आढळले. परंतु लाकडांतून उतरलेल्या पदार्थांचें परस्पर प्रमाण भिन्न होतें. भूमीवरील नमुन्यांत देवदार, गोड धूर व मनुका यांचा भास झाला. अंतराळांतील नमुन्यांत जंतुनाशक औषधासारखा धूर, रबर व धुरावलेले मासे यांचा. बदल झाला, हें मान्य केलें पाहिजे.

तो कां व्हावा? अंतराळस्थानक सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें. तेथें गुरुत्वाकर्षण नाहींसें होतें असें नव्हे. त्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग शिल्लकच असतो. परंतु स्थानक व त्यांतील वस्तु पृथ्वीभोवतीं एकसारख्या पडत असल्यामुळें वजन जाणवत नाहीं. अशा स्थितींत उष्ण द्रव वर चढत नाहीं, थंड द्रव खालीं बसत नाहीं. लाकडांतील पदार्थ मुख्यतः रेणूंच्या संथ हालचालीनेंच पसरतात.

तरीही सारें श्रेय भारहीनतेला देणें घाईचें होईल. उड्डाणाचे हादरे, अंतराळांतील किरणोत्सर्ग, उष्णतेंतील फरक, हीं कारणेंही संभवतात. एका प्रयोगानें त्यांची निवड होत नाहीं. शिवाय बंद कुपी म्हणजे पिंप नव्हे. तिच्यांत बाहेरची हवा शिरत नाहीं, देवदूतांना वाटाही मिळत नाहीं. २०१५ सालीं जपानच्या सनटोरी कंपनीनें आपले नमुने स्थानकाच्या किबो विभागांत पाठविले. त्यांत प्रश्न निराळा, म्हणजे व्हिस्कीला येणाऱ्या सौम्यतेचा होता.

तेव्हां अंतराळांत व्हिस्कीचा स्वभाव बदलतो काय, या प्रश्नास ‘बदललेला आढळला’ एवढें उत्तर देतां येतें. ‘सुधारतो’ असें म्हणण्यास आधार नाहीं. कायद्यानें तर त्या द्रवास स्कॉच म्हणतांच येणार नाहीं. परंतु या प्रयोगाचें खरें मोल पेल्यांत नाहीं. आयलावर मागें राहिलेल्या त्या साध्या कुप्या नसत्या, तर अंतराळांतून आलेल्या कुपीनें कांहींच सांगितलें नसतें. नवलाची वस्तु हातीं आली म्हणजे तिच्याशेजारीं नित्याची वस्तु ठेवून पाहावी, हाच शास्त्राचा पहिला धडा आहे.